चोराची उडी आणि सोन्याची पेटी

गेल्या महिन्यात आमच्या घरात दोन दिवस अबोला होता, आणि तोही एका चोरापायी! घाबरू नका, चोर खराखुरा नव्हता. तो राहत होता माझ्या भाच्याच्या वहीत.

त्याचं असं झालं. दहावीतली माझी पुतणी, आठवीतला भाचा आणि खालच्या मजल्यावरची दोन भावंडं दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. त्यांच्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो : ‘‘तुम्ही किल्ल्याच्या दाराशी उभे आहात. आत दिवा दिसतोय. बोला, काय करता?’’ बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी वैद्यीण, कुणी चोर. आपलं पात्र काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावानं असा खेळ पहिल्यांदा छापला. पहिल्या खेपेला प्रती होत्या फक्त १०००! आता तो जगभर खेळतात. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो. तो नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढा, काही बिघडत नाही. बाकी काम लुडोच्या फाशांवर भागतं.

त्या रविवारी पुतणी सूत्रधार होती. भाच्याचा चोर सोन्याची पेटी घेऊन बुरुजाच्या माथ्यावर पोचला होता आणि मागून पहारेकरी येत होते. खाली गवतानं भरलेली बैलगाडी उभी. भाचा म्हणाला, ‘‘मी गवतात उडी मारतो.’’

आता या खेळाचा नियम असा, की दर दहा फूट पडलात की एक फासा टाकायचा आणि जे दान पडेल तेवढे आपल्या प्राणांतून वजा करायचे. (जास्तीत जास्त वीस फासे.) बुरुज होता २० मीटर, म्हणजे सुमारे ६६ फूट. सहा फासे पडले, बेरीज आली २४. चोराचे प्राण होते १९. चोर गेला!

‘‘पण खाली गवत होतं ना, ताई!’’

‘‘नियमात गवत लिहिलेलं नाही.’’

उन्हाळ्याच्या सुट्टीपासून जपलेला चोर तो! भाच्यानं वही मिटली आणि तो ताडकन उठून गेला. मंगळवारी दोघंही माझ्याकडे आली, एक ‘काका’ म्हणत आणि दुसरा ‘मामा’ म्हणत. मी म्हटलं, आपण तिसऱ्यालाच विचारू. असा एक पंच आहे, जो ना ताईचा ना भावाचा. कागद-पेन्सिल आणा.

दोस्तांनो, तुम्हीही घ्या. पडणाऱ्या वस्तूचं सूत्र तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. गुरुत्वाची ओढ दर सेकंदाला वेगात सेकंदाला १० मीटरची भर घालते. (खरा आकडा ९.८, पण खेळापुरते १० पुरेत. हवेचा अडथळाही एवढ्या उंचीला सोडून द्या.) मग वेग = १० × वेळ, आणि उंची = ५ × वेळ × वेळ. एका सेकंदात ५ मीटर, दोन सेकंदांत २०, तीन सेकंदांत ४५.

म्हणजे चोर दोन सेकंदांत खाली पोचला, आणि तेव्हा त्याचा वेग होता सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. पुतणीचा चेहरा खुलला. ‘‘बघ! बुरुज दुप्पट असता तर वेगही दुप्पट झाला असता!’’

इथंच बहुतेक जण फसतात बरं का! ५ मीटरवरून पडलं तर वेग १०, आणि २० मीटरवरून पडलं तर २०. वेग दुप्पट व्हायला उंची चौपट लागते. मग दर दहा फुटांना एक फासा हा नियम चुकीचा का? नाही. मोडतोड होते ती ऊर्जेनं, आणि पडण्याची ऊर्जा म्हणजे वजन गुणिले उंची. उंची दुप्पट, ऊर्जा दुप्पट, फासे दुप्पट. नियम अगदी भाबडा दिसतो, पण आत हिशेब बरोबर बसतो.

मग गवताचं काय? पडण्यानं कुणाला काही होत नाही, होतं ते थांबण्यानं. ताशी ७२ चा वेग किती अंतरात शून्यावर आला, सगळी गंमत तिथं आहे. पडलेली उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. उत्तर येईल तेवढ्या पट वजनाचा जोर अंगावर येतो. (त्यात आपलं स्वतःचं वजन म्हणून एक मिळवायचा, आपण तो सोडून देऊ.) दगडी फरशीवर गुडघे वाकवून फार तर १० सेंटिमीटर मिळतील. २० मीटर भागिले ०.१, म्हणजे २०० पट. संपलंच! गवतात मात्र माणूस मीटरभर रुतला तर २० भागिले १, म्हणजे फक्त वीस पट.

‘‘वीस पटीत माणूस जगतो?’’ भाच्यानं श्वास रोखून विचारलं. लढाऊ विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची क्षणभर १२ ते २० पट जोर देते, आणि त्यात कित्येकांच्या मणक्यांना इजा होते. पण वैमानिक वाचतात. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप रॉकेट लावलेल्या गाडीवर स्वतः बसले. ताशी हजार किलोमीटरच्या वेगावरून ती गाडी दीड सेकंदाच्या आत थांबली. काही क्षण त्यांच्यावर ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते वाचले आणि पुढं ८९ वर्षांचे होऊन १९९९ मध्ये वारले. अर्थात ते पट्ट्यांनी करकचून बांधलेले होते. आणि हे सगळं आपण कागदावर करतोय हं! गॅलरीतून गादीवर उडी मारणाऱ्याला या स्तंभात जागा नाही. गादी वीतभरच दबते, करा भागाकार.

तर दोघांनी नवा नियम लिहिला : खाली गवताचा ढीग असेल तर सहाऐवजी दोन फासे. भाचा नाचायलाच लागला. एवढ्यात पुतणीनं विचारलं, ‘‘काका, गाडी बुरुजाच्या पायथ्यापासून १२ मीटर लांब होती. चोर तिच्यात पडेल कसा?’’

मला ही मुलगी आवडते ती अशी! पडायला दोन सेकंद आहेत, तेवढ्यात १२ मीटर पुढं जायचं, म्हणजे बुरुजाच्या कडेवरून सेकंदाला ६ मीटर वेगानं धावत सुटायला हवं. शाळेच्या स्पर्धेत १०० मीटर सोळा-सतरा सेकंदांत धावणारा मुलगा या वेगानं पळतो. चोराला जमेल. ‘‘पण त्याच्या हातात पेटी होती,’’ पुतणी म्हणाली.

पेटी वहीत लिहिलेली होती : ३० सेंटिमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच, सोन्याच्या मोहरांनी भरलेली. चपलांच्या खोक्याएवढी हो! गुणाकार केला, ६७५० घनसेंटिमीटर. एक घनसेंटिमीटर सोनं भरतं १९.३ ग्रॅम. मोहरांमध्ये फटी राहतात म्हणून सोनं साठ टक्केच धरू. उत्तर आलं सुमारे ७८ किलो!

टेबलावर शांतता पसरली. चोराच्या काखेत आणखी एक चोर, तोही त्याच्याहून जाड! सिनेमातले दरोडेखोर सोन्याच्या पेट्या लीलया घोड्यावर फेकतात ना, त्यांना सांगायला हवं. खेळ रचणाऱ्यांचाही वजनात घोळ झाला होता. जुन्या नियमांत दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे एकेक नाणं ४५ ग्रॅमचं! पुढं त्यांनी पौंडाला पन्नास नाणी केली, तेव्हा नाणं ९ ग्रॅमवर आलं.

भाचा हिरमुसला, पण सूत्रांचं शस्त्र आता त्याच्याही हाती होतं. ‘‘ताई, तुझा तो खालचा राक्षस माणसाच्या तिप्पट उंच ना? मग वजन किती?’’ उंची, रुंदी, जाडी तिन्ही तिप्पट, म्हणजे वजन २७ पट. हाडं मात्र जाडीनं नऊ पटच मजबूत. म्हणजे त्याच्या प्रत्येक हाडावर आपल्या तिप्पट भार. जन्मभर दोन माणसं खांद्यावर घेऊन हिंडल्यासारखं! हे गणित गॅलिलिओनं १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. जे. बी. एस. हाल्डेन यांनीही १९२६ मध्ये त्यावर एक झकास निबंध लिहिला. हे हाल्डेन पुढं १९५७ मध्ये भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. ‘‘तो उभा राहील, पण धावणार नाही,’’ भाच्यानं ठणकावलं. पुतणीला मान्य करावं लागलं. पंच तिच्यासाठीही तोच!

आई-बाबांनो, तुम्हीही वाचत असाल तर एक सांगतो. मुलं प्रत्येक पावलाला पेन्सिल काढू लागली, तर तो खेळ राहणार नाही, रविवारची शिकवणी होईल. दार उघडायला, भाकरी खायला सूत्र कशाला? कुणाचा जीव किंवा खजिना टांगणीला लागला, तरच. आणि हिशेब फासा टाकण्याआधी. दान पडल्यावर सूत्र शोधणं म्हणजे बाद झाल्यावर यष्टींची उंची मोजणं. आमच्याकडचा दुसरा करार असा, की जादूला भौतिकशास्त्र लावायचं नाही. ड्रॅगन उडतो कसा, हे विचारायचं नाही! मला हा करार अजून पूर्ण पटलेला नाही, पण मला मत नाही.

पुढच्या रविवारी गोष्ट पुन्हा बुरुजाच्या माथ्यावरून सुरू झाली. पहारेकऱ्यांची पावलं जवळ आली. सूत्रधार म्हणाली, ‘‘बोल, काय करतोस?’’ भाचा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘‘पेटी कडेवरून ढकलून देतो. आणि धावत सुटतो.’’

दोन फासे पडले, पाच आणि चार. प्राण उरले दहा. गवतातून डोकं वर काढून चोरानं पेटी पडली तिकडे पाहिलं, तर तिच्यावर राक्षस हात टेकून बसला होता. निवांत. त्याला कुठं धावायचं होतं!

आता तुमच्यासाठी कोडं. चोर पुढं एका विहिरीशी येतो. आत खडा टाकतो आणि बरोबर तीन सेकंदांनी ‘डुबुक्’ असा आवाज येतो. चोराकडे ३० मीटरचा दोर आहे. पाण्यापर्यंत पोचेल का? आणि आवाजाला वर यायला जो वेळ लागतो (सेकंदाला ३४० मीटर!), तो धरला तर उत्तर बदलेल का? पुढच्या अंकात पाहू.