दोघंच? लेकरं कुठंयत?

क्रूझच्या ब्रोशरवरचा फोटो तुम्हीही कधी ना कधी बघितला असेल. निळाशार समुद्र, पांढऱ्या कपड्यातले आई-बाबा, बाबांच्या खांद्यावर एक पोरगं आणि आईचं बोट धरून दुसरं. म्हणजे आपल्या लहानपणीची 'हम दो हमारे दो'ची जाहिरातच, फक्त लाल त्रिकोणाच्या जागी अकरा मजली जहाज. आता मला सांगा, ज्यांचं फक्त 'हम दो' आहे त्यांनी या फोटोत उभं राहायचं कुठे?

हा प्रश्न मला गेल्या दिवाळीत पडला. तोही तिकिटं काढून झाल्यावर.

त्याचं असं झालं. आम्ही दोघं ठाण्यात राहतो, पण माहेर आणि सासर दोन्ही परभणीत, एकमेकांपासून फार तर दहा मिनिटांवर. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छाती फुगवून सांगणाऱ्या गावचे आम्ही. लग्नाला चार वर्षं झाली. दर दिवाळीला सकाळची तपोवन पकडायची, दिवसभर गाडीत चिवडा खायचा आणि संध्याकाळी स्टेशनवर उतरलं की रिक्षात बसायच्या आत पहिला प्रश्न : "काय मग, गोड बातमी कधी?" (ऑगस्ट २०२५ पासून मुंबईची वंदे भारत नांदेडपर्यंत जाते आणि परभणीला थांबते. म्हणजे आता हाच प्रश्न एसी गाडीतून उतरून ऐकायचा.)

विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण दोन वर्षं आमची ट्रीटमेंट चालू होती. इंजेक्शनं, सोनोग्राफी, ऑफिसमध्ये खोटी कारणं सांगून अर्धी रजा, सगळं करून झालं. ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि आम्ही दोघांनी ठरवलं की बास, आता थांबायचं. हे ठरवलं ते दोघांनीच. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, "आईला सांगू सावकाश." ते सावकाश काही येत नव्हतं, दिवाळी मात्र आली.

मग नवऱ्याने आयडिया काढली. यंदा परभणी नाही, समुद्र! मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. लक्ष्मीपूजन झालं की निघायचं. मलाही एकदम सही वाटलं. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पान्यात काय करायलाव दिवाळीचं?" चुलतसासऱ्यांना क्रूझ म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये एनसीबीची धाड पडली होती तेवढंच माहीत. त्यांनी नवऱ्याला बाजूला घेतल्यासारखा आवाज करून फोनवर विचारलं, "चांगली मानसं असतेत ना रे तिथं?"

आता परभणीकरांना दोष देण्यात अर्थ नाही. आमचा समुद्र म्हणजे जिंतूरकडचं येलदरी धरण आणि पावसाळ्यात गंगाखेडला भरलेली गोदावरी. पण कोकणातल्या लोकांनाही बोटीचा प्रवास ही काही दोघांनी मिळून करायची चैन वाटली नसती. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या जुन्या आगबोटी आठवा. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत त्या पणजीला जायच्या आणि डेकवर अख्खी कुटुंबं वळकट्या टाकून झोपायची. बोट म्हणजे लटांबर, हे समीकरण आपल्याकडे तेव्हापासूनचं. पुढे २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आली तेव्हा कुठे आपल्याला क्रूझ हा फंडा कळला. मग २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' आली, २०१९ मध्ये 'कर्णिका' आली. दोन्ही फार टिकल्या नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' सुरू झाली. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं. म्हणजे वयाने ते माझ्याहून मोठं आहे. आणि यातल्या बहुतेकांनी डोळ्यासमोर ठेवलं ते भारतीय कुटुंब : आजीला जैन जेवण, पोरांना पूल आणि बाबांना बार.

धंदा म्हणून ते बरोबरच आहे. आपल्याकडे सुट्टी म्हटली की तीन पिढ्या निघतात. परदेशात याची वेगळी सोय झालीये. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर अठराच्या खालच्यांना चढूच देत नाहीत. ब्रिटनच्या पी अँड ओची 'आर्केडिया' आणि 'ऑरोरा' ही जहाजंही फक्त मोठ्यांसाठी. गंमत म्हणजे मिकी माऊसवर पैसे कमावणाऱ्या डिस्नेच्या जहाजांवरसुद्धा मोठ्यांचा वेगळा पूल आणि 'पालो' नावाचं वेगळं रेस्टॉरंट असतं. पोरांच्या आई-बाबांनाही पोरांपासून सुटका हवी असते, हे त्यांनी कधीच ओळखलंय.

पण आम्ही निघालो होतो मुंबईहून. तेही दिवाळीच्या सुट्टीत!

बॅलार्ड पिअरला चेक-इनच्या रांगेत उभी राहिले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. पुढे पोरं, मागे पोरं, ट्रॉलीबॅगेवर बसलेली पोरं. जिच्यापासून पळून निघालो तीच गोष्ट शेकड्याने आमच्याबरोबर बोटीत चढत होती. नवऱ्याकडे बघितलं, तर तो आधारकार्ड शोधण्यात जरा जास्तच गुंतला होता.

पहिला दिवस वाईट गेला, खोटं कशाला बोलू. पूलमध्ये पाण्यापेक्षा पोरंच जास्त होती. आमच्या डेकवरून जेवायच्या हॉलकडे जाताना मुलांच्या खेळायच्या खोलीवरून जावं लागायचं. आतून टाळ्या, गाणी, कुणाचं तरी भोकाड. मी दोन वेळा तिथून गेले आणि तिसऱ्या वेळी लांबचा जिना धरला. नवऱ्याने का म्हणून विचारलं नाही. तोही त्याच जिन्याने आला.

संध्याकाळी आम्हाला आठजणांच्या टेबलवर जागा मिळाली. समोर आपल्याच मराठवाड्यातलं एक कुटुंब. बोलण्यावरून मी लगेच ओळखलं. दोन भाऊ, दोन जावा, त्यांची पोरं पलीकडच्या टेबलवर धुडगूस घालतायत आणि मधोमध नऊवारीतल्या आजी. आजींनी आधी आमचं गाव काढून घेतलं, मग आडनाव, मग परभणीत घर कुठल्या रोडला. आणि मग तो प्रश्न आलाच.

"दोघंच? लेकरं कुठंयत? आजीपाशी ठिवली का?"

मी नेहमीचं हसू तोंडावर आणलं. आमच्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे, 'अजून वेळ आहे हो.' पण माझ्या आधी नवराच बोलला. "लेकरं नाहीत आजी. लई प्रयत्न केले. आता थांबलोय."

टेबलवर एकदम शांतता. एका जावेने पापडाकडे बघायला सुरुवात केली. जो माणूस तीन महिने स्वतःच्या आईला हे सांगू शकला नव्हता, त्याने भर समुद्रात, पनीरची भाजी वाढून घेता घेता, एका परक्या बाईला सांगून टाकलं. मला रडू यायच्या बेतात होतं.

आजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं," म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मग असं करा, गुलाबजामला तुमी आधी जावा. आमचं लटांबर उठलं की काई ऱ्हात नसतंय." आणि खरंच, त्यानंतर तीन दिवसांत त्यांनी तो विषय काढला नाही. जिथे भेटतील तिथे मात्र 'गुलाबजाम आला बरं का' अशी बातमी द्यायच्या. असा नेटवर्क जहाजाच्या वायफायलाही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जरा डोकं चालवलं. बोटीवर पोरांचं एक वेळापत्रक असतं, ते एकदा कळलं की जहाज तुमचं. सकाळी सात-साडेसातच्या आत डेकवर जा, तिथे तुम्ही आणि चालायला आलेले चार रिटायर्ड काका. दुपारी मुलांचे खेळ आणि जादूचे प्रयोग सुरू झाले की पूल रिकामा होतो. रात्री अकरानंतर तर सगळी पोरं आणि त्यांचे दमलेले आई-बाप आडवे. कॅसिनो, नाइट क्लब ही तशीही मोठ्यांची राज्यं. आम्ही कॅसिनोत पाच मिनिटं गेलो, कुणी किती हरतंय ते बघितलं आणि परत आलो. मध्यमवर्गीय संस्कार, दुसरं काय.

पण खरी मजा गोव्याच्या दिवशी. मुरगाव बंदराला जहाज लागलं आणि सगळी कुटुंबं टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सनस्क्रीन घेऊन बसमधून गोवा बघायला गेली. आम्ही उतरलोच नाही! ऑफिसातल्या लोकांना हे सांगितलं तर ते वेड्यात काढतात. पण गोवा काय, जनशताब्दीनेही जाता येतं. अख्खं जहाज रिकामं, पूलमध्ये आम्ही दोघं, वर ऊन आणि बारमनला गप्पा मारायला वेळ, हे कुठे मिळणार? त्या दिवशी दुपारी नवरा आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा ट्रीटमेंट सोडून कशावर तरी तासभर भांडलो. विषय होता, आमचा सोफा विकायचा की नाही.

पैशाचंही जरा सांगते, कारण इथे दोघंवाल्यांचा फायदा आहे. क्रूझचं भाडं साधारण एका केबिनमध्ये दोन माणसं धरून ठरवलेलं असतं. तिसरा-चौथा जो येतो तो वरच्या फोल्डिंग बर्थवर. म्हणजे तेवढ्याच खोलीत चार माणसांचे टॉवेल वाळत असताना तुमच्याकडे हातपाय पसरायला जागा असते. एकट्याने गेलात तर मात्र बऱ्याचदा दुसऱ्याचं भाडंही भरावं लागतं. जाहिरातीत छापलेल्या आकड्याला भुलू नका. टॅक्स, पोर्ट चार्जेस, सर्व्हिसचे पैसे, ड्रिंक्स आणि वायफाय धरून मगच हिशोब करा. केबिन मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घेतली तर बोट कमी हलते. पूलच्या बरोबर खालची मात्र घेऊ नका, सकाळपासून डोक्यावर खुर्च्या सरकतात. आणि जेवणाला दोघांचं टेबल हवं असेल तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. अर्थात तसं सांगितलं असतं तर आम्हाला आजी भेटल्या नसत्या.

तारीख मात्र आमच्यासारखी निवडू नका. दिवाळी, नाताळ आणि मे ही पोरांची राज्यं. जानेवारी-फेब्रुवारीत, शाळा चालू असताना, त्यातही आठवड्याच्या मधले दिवस बघून गेलात तर तेच जहाज जवळजवळ हनिमूनवाल्यांचं होऊन जातं. ज्यांना शांतताच हवी, पुस्तक आणि लाटा एवढंच, त्यांनी क्रूझच्या नादी लागूच नये. त्या पैशात कोकणात एखाद्या घरगुती होमस्टेत आठवडाभर मस्त राहता येईल. आणि जे आत्ता आम्ही होतो त्या अवस्थेत आहेत, रिपोर्ट ताजा आहे, त्यांना मी जा म्हणणार नाही आणि नका जाऊ असंही म्हणणार नाही. पहिला दिवस दुखतं एवढं मात्र आधी माहीत असू द्या.

शेवटच्या सकाळी मुंबई जवळ आली तशी मोबाइलला रेंज आली. तीन दिवसांचे मेसेज एकदम वाजायला लागले. नवऱ्याने ते उघडले नाहीत. डेकच्या कठड्याला टेकून त्याने सरळ परभणीला फोन लावला. "आई, एक सांगायचंय," असं म्हणाला आणि मी चहा आणायला गेले. मुद्दामच गेले. दोन कप घेऊन परत आले तरी तो ऐकतच होता. मग त्याने फोन माझ्याकडे दिला.

सासूबाईंचा आवाज जड झाला होता. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. "मला आधी सांगायचं नाही का गं माय," एवढंच म्हणाल्या. मग नाक ओढून, "तिथं साधं वरण मिळतं का?"

मिळतं म्हटलं.

तर आता फेब्रुवारीतली तारीख बघतेय. सासू-सासरे देवगिरीनं येणार, सासऱ्यांना बोट लागू नये म्हणून उलटीची गोळी आजपासूनच आणून ठेवलीये. केबिन दोन घ्यायच्या हे नक्की. शेजारशेजारच्या नको, वेगळ्या डेकवरच्या बघ, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.