टाकी घासा, पुड्यांना भुलू नका!

भिवंडीकर बंधू-भगिनींनो,

गेल्या आठवड्यात आपल्या इमारतींमधून ‘एन्झाइम पावडर’ विकणारे फिरून गेले. टाकीत पुडी टाका, वर्षभर धुवायला नको, असं सांगून पैसे घेऊन गेले. पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक. सोसायटीच्या एकाही पदाधिकाऱ्याने पावती मागितली नाही, टाकीत वाकूनही पाहिलं नाही. याची चीड आली म्हणून हे पत्रक.

टाकीच्या भिंतीवर बोट फिरवा. हाताला लागणारा बुळबुळीत थर म्हणजे बायोफिल्म. साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट लगदा करून जिवाणू त्यात दडतात. क्लोरीन आतवर पुरेसं पोचत नाही. असाच थर जखमेत, लघवीच्या नळीवर, दातांवर बसतो. तिथल्या जिवाणूंना मारायला प्रतिजैविक कधी शंभरपट, कधी हजारपट लागतं. मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोनमहिने भरत नाही, त्याचं हेही एक कारण.

एन्झाइमचं विज्ञान खरं आहे, आणि आपल्या कापडाच्या धंद्याला ते नवीन नाही. सायझिंगमध्ये सुताला खळ चढवतात. प्रोसेस हाउसमध्ये ती काढायला अमायलेज वापरतात, तेही बॅसिलस जिवाणूंपासून मिळवलेलं. अमायलेज स्टॅफिलोकोकस ऑरियसचा थरही सोडवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. २००३ साली हिरड्यांच्या रोगातल्या एका जिवाणूकडून डिस्पर्सिन बी हे असंच थर सोडवणारं एन्झाइम मिळालं. २०१० साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी समुद्री शेवाळावरच्या बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं एन्झाइम वापरून थरातला डीएनए तोडून दाखवला.

पण ही एन्झाइमं थर फोडतात, जिवाणू मारत नाहीत! सुटलेले जिवाणू पाण्यात उतरतात आणि तेच पाणी तुम्ही लेकरांना पाजता. शिवाय खळ खाणारं एन्झाइम डीएनएला हातही लावत नाही. एकच पुडी सगळ्या थरांवर चालते म्हणणारा फसवतो आहे.

“पाणी तर स्वच्छ दिसतं” म्हणणाऱ्यांशी वाद घालायला आम्हाला वेळ नाही. “हे महापालिकेचं काम” म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, नळाला थेट मोटर कोण लावतं? गटारातून गेलेली जोडणी फुटकी असली की तीच मोटर घाण आत ओढते आणि शेजारचं पोर जुलाबाने आडवं होतं. लाज वाटली पाहिजे!

आता कामाला लागा. नळावरची मोटर आजच काढा. टाकी रिकामी करून भिंती, तळ, झाकणाची आतली बाजू ब्रशने घासा. नुसतं पाणी मारून थर निघत नाही. मग ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून ठेवा आणि सोडून द्या. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. जमिनीखालच्या टाकीत कुणालाही एकटं उतरवू नका. घरातले ड्रमही घासा. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतं का, याची ओटी टेस्ट मागून घ्या. जुन्या जखमेला दुकानातून गोळ्या आणू नका, डॉक्टरांकडून ती साफ करून घ्या.

रात्रपाळी करून आलेली आमच्या गटाची मुलं सकाळी टाक्या घासायला उतरतात. ना ठेकेदार, ना पक्ष, ना एक रुपया. तुमच्या गल्लीतून दोन माणसं तरी द्या.

पुडी घेतली असेल तर टाकीत टाकू नका. ती पुडी आणि विक्रेत्याने दिलेला कागद घेऊन रविवारी सकाळी १० वाजता धामणकर नाक्यावर या. तक्रार अर्ज लिहून तयार आहे, सह्या तुमच्या हव्यात.