एकाच विमानतळावर उतरलेले दोन भारत

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये बँकांच्या तंत्रज्ञान विभागांत भारतीयांची, त्यांत मराठी तरुणांचीही, मोठी वर्दळ असते. या वसाहतीला समाजमाध्यमांवर ‘चेन्नई बिझनेस पार्क’ म्हणून हिणवले गेले. 2005च्या भारत-सिंगापूर आर्थिक करारामुळे स्थानिकांच्या नोकऱ्या जातात, या आरोपावर 2021 मध्ये तिथल्या संसदेत खडाजंगी झाली. ही अवहेलना खरी आहे आणि तिचा निषेध व्हायलाच हवा. पण याच शहरात दुसरा भारतही राबतो: बांधकामावरचा, जहाजगोदीतला.

दोघांमधली भिंत परवान्याची आहे. ‘एम्प्लॉयमेंट पास’वाल्याचा मासिक पगार 6,000 सिंगापूर डॉलर झाला की त्याला पत्नी आणि मुलांना आणता येते. ‘वर्क परमिट’वरच्या मजुराला ती मुभाच नाही. तो सामायिक वसतिगृहात राहतो, आणि लॉरीच्या उघड्या हौद्यात बसवून त्याला कामावर नेणे आजही कायदेशीर आहे. 2020च्या कोविड साथीत अशा वसतिगृहांतल्या सुमारे 47 टक्के कामगारांना संसर्ग झाला. बाहेरच्या वस्तीत ही साथ नगण्य होती. एका खोलीत दाटीने झोपणाऱ्यांनी अंतर राखायचे तरी कसे?

वंशभेदाविरुद्ध बोलणाऱ्या मराठी मंडळींनी लॉरीतल्या देशबांधवांसाठीही तितक्याच ठामपणे बोलावे. त्यांना बसची सोय मिळावी, ही मागणी तिथल्या महाराष्ट्र मंडळाने जाहीरपणे मांडावी.