धरण जिंकले, दरवाजे कोण उचलणार?

प्रलयोत्तर युद्धकथेत नदी आली की पुढचे वाचकाला आधीच कळते. पुलावर चकमक झडते, धरणाच्या माथ्यावर झेंडा चढतो आणि सेनापतीच्या पदरात पाणी, वीज आणि राज्य एकदमच पडते. मराठी विज्ञानकथाकार आणि आता गेमसाठी कथानके रचणारी तरुण मंडळीही या मळलेल्या वाटेने बिनदिक्कत निघतात. कथेचा दम सुटतो तो इथेच. धरण एका रात्रीत घेता येते. नदी मात्र रोज राखावी लागते, आणि राखणाऱ्या हातांत बहुधा बंदूक नसते.

या प्रकारातले गाजलेले उदाहरण म्हणजे २०१० साली आलेला ‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा गेम. अणुयुद्धाने बेचिराख झालेल्या अमेरिकेत, २२८१ साली, कोलोरॅडो नदीच्या पश्चिमेला न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक आणि पूर्वेला सीझरचे लीजन दबा धरून बसले आहेत. मधे हूवर धरण. भांडण कशासाठी, हे खेळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, कारण पाणी, वीज आणि पैलतीरी जाण्याची वाट या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीत आहेत. ही कल्पना हवेतली नव्हे. गेम बाजारात आला त्याच महिन्यात धरणाशेजारचा नवा पूल वाहतुकीला खुला झाला. तोवर महामार्ग खरोखरच धरणाच्या माथ्यावरून जात होता.

पण खऱ्या हूवर धरणाकडे गेममध्ये नसलेले एक कथानक पडून आहे. ७२६ फूट उंचीच्या या भिंतीमागच्या लेक मीडची पातळी जुलै २०२२ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १,०४० फुटांवर आली होती. ती ९५० फुटांखाली गेली तर वीजनिर्मिती थांबते आणि ८९५ फुटांखाली गेली तर पाणी धरणाखाली सोडताच येत नाही. दर मे महिन्यात मराठी वर्तमानपत्रांत भेटणारा ‘मृतसाठा’ तो हाच. म्हणजे शत्रूने एकही गोळी झाडली नाही, तरी वरच्या खोऱ्यातले काही कोरडे हिवाळे धरण बळकावलेल्या फौजेला हतबल करू शकतात. झेंडा फडकतो आहे, टर्बाइन मात्र गप्प. लिहिणाऱ्याला याहून चांगला पेच कुठे मिळणार?

मोसुलला हा पेच वेगळ्या रूपात प्रत्यक्ष घडला. ऑगस्ट २०१४ मध्ये इसिसने तिग्रिस नदीवरचे मोसुल धरण काबीज केले आणि साधारण दहा दिवसांत अमेरिकी हवाई हल्ल्यांच्या आधाराने कुर्दी आणि इराकी फौजांनी ते परत घेतले. बातम्या इथे संपल्या, धरणाची गोष्ट इथून सुरू झाली. त्याच्या पायातल्या खडकात जिप्सम आहे आणि जिप्सम पाण्यात विरघळते. त्यामुळे १९८०च्या दशकापासून पायाखाली ग्राउटिंग चालू ठेवावे लागते. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत खडकाला भोक पाडायचे, सिमेंटची रबडी दाबाने आत सोडायची, एक भोक भरले की पुढच्याकडे वळायचे. एक पोकळी बुजते तोवर दुसरीकडे पाणी नवी पोखरत असते. युद्धात या कामात खंड पडला आणि २०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेने धरण फुटण्याच्या धोक्याचा उघड इशारा दिला. तिथल्या कथेचा नायक बंदूकवाला असेल की पंपावरचा कामगार?

मिसिसिपीची गोष्ट तर जणू याच साहित्यप्रकारासाठी घडलेली. या नदीला अचाफलाया नदीच्या पात्रातून समुद्राकडे जाणारी आखूड वाट हवी आहे. तिला अडवायला लुइझियानात ओल्ड रिव्हर इथे १९६३ मध्ये नियंत्रण बांधकाम पुरे झाले. मिसिसिपी आणि रेड या नद्यांच्या एकत्रित पाण्यापैकी ३० टक्के अचाफलायाला आणि ७० टक्के मुख्य पात्राला, अशी ही वाटणी. १९७३ च्या पुराने या बांधकामाचा पाया खरवडला आणि एक पार्श्वभिंत कोसळली. ते थोडक्यात वाचले. प्रलयानंतर तिथे दरवाजे हलवणारे कोणी उरले नाही, तर एखाद्या मोठ्या पुरात मुख्य प्रवाह वाट बदलेल आणि न्यू ऑर्लिन्ससाठी लढणाऱ्या फौजा आटत चाललेल्या पात्राच्या काठावर लढत राहतील.

अतिशयोक्ती वाटते? व्हिक्सबर्ग पाहावे.

अमेरिकी यादवी युद्धात मिसिसिपीच्या वळणावरचे हे शहर नदीची किल्ली मानले जाई. शहरावरच्या तोफांचा मारा टाळण्यासाठी जनरल ग्रँटने वळणाच्या जिभेतून कालवा खोदून पाहिला. नदीने दाद दिली नाही. मग १६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेच्या नौदलातल्या पोर्टरचा काफिला कापसाच्या गासड्यांच्या आडोशाने तोफांसमोरून निसटला. किनाऱ्यावर जाळ करून दक्षिणेच्या तोफचींनी पात्र उजळले, तरी बहुतेक जहाजे पार झाली. वेढ्यानंतर ४ जुलैला शहर शरण आले. आणि १८७६ मध्ये नदीने ती जीभ आपणहून कापली, व्हिक्सबर्गला बाजूला टाकून!

धरणे नसलेल्या जगात नदीवरचा ताबा म्हणजे उताराची माहिती. मराठी वाचकाला हे सांगायला मिसिसिपीपर्यंत जायला नको. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी यमुनेकाठचे कुंजपुरा घेतले. नदी फुगलेली, अब्दाली पैलतीरी. तो ओलांडणार नाही या भरवशावर मराठे उत्तरेत राहिले आणि त्याने दक्षिणेला बागपतजवळ यमुना पार केली. दिल्लीचा रस्ता तुटला, रसद आटली. जानेवारीत पानिपतावर उभे राहिलेले सैन्य उपाशी होते. प्रलयानंतर पूल कोसळतील, तेव्हा असेच उतार ठाऊक असलेल्या कोळ्याला आणि गुराख्याला पुन्हा मोल येईल.

म्हणून या मासिकाकडे नदीयुद्धाची कथा पाठवणाऱ्यांकडून यापुढे सोबत एक जादा पान अपेक्षित आहे. नदीचा उगम कुणाच्या हद्दीत, पूर कोणत्या महिन्यात, गाळ किती, उतार कुठे, पाणीपातळीची नोंद कोण ठेवते, हे त्यावर असावे. छापले जाणार नाही, पण वाचले जाईल. आणि ऐन पुरात दरवाजा अडकला, तर त्याचे सुटे भाग कोणत्या काठावरच्या गोदामात आहेत, तेही लिहावे.