कडी वरून शाबूत, आतून पोकळ
धामणगाव रेल्वेतल्या ज्या जुन्या घरांत सागवानी कडीपाटाखाली आता मोटारसायकल उभी असते, तिथल्या कड्या पावसाळ्याआधी ठोकून पाहा. आवाज पोकळ आला किंवा पेचकस सहज आत शिरला, तर वाळवी लागली समजा. हजरत सुलेमान (अलै.) यांची काठी किड्याने खाल्ली आणि ते खाली आले, तेव्हाच जिन्नांना त्यांच्या वफातीची खबर लागली (सूरह सबा : १४). आपण तोवर का थांबावे?

कडी बहुधा भिंतीत शिरते तिथेच कुजते. म्हणून आधी गळती आणि वाळवीचा बंदोबस्त करा. वरचे ओझे उतरवा, खाली टेकू द्या. मग तितक्याच उंचीची नवी कडी जुनीला लागून बसवा, दोन्हीकडे चांगल्या लाकडापर्यंत न्या आणि नटबोल्टने आवळा. टोक कुजले असेल, तर नवी कडी भिंतीवरच टेकली पाहिजे. खालच्या कडेजवळ भोक पाडू नका. ओझ्याने तीच बाजू ताणली जाते. लांबी भरून रंग दिल्याने बळ येत नाही. मुख्य तुळईच वाकली असेल, तर इंजिनिअरला दाखवा.

पुष्कळदा वाटणी व्हायची आहे म्हणून दुरुस्ती राहते. खर्च लिहून ठेवा, बहिणींचा हिस्साही नीट नोंदवा. हिशेब नंतर होईल. छताखाली मुले आज खेळत आहेत.