रात्रीच्या समुद्रप्रवासाची सिद्धता

आमचा भाचा दोघां मित्रांसह शिडाच्या नौकेनें कॅरिबियन समुद्रांतील व्हर्जिन बेटें हिंडला. बेटाबेटांतील तो विहार दिवसाउजेडीं होई. पुढें सेंट मार्टिनला जाण्यास मात्र मधली ॲनेगाडा सामुद्रधुनी सुमारें 80 सागरी मैलांची, आणि पूर्वेचा व्यापारी वारा तोंडावर. ताशीं 5 मैलांनीं सरळ गेलें तरी 16 तास. म्हणून दुपारीं निघावयाचें, म्हणजे उजाडल्यावर किनारा येतो. प्रवाळाचे खडक अंधारांत दिसत नाहींत.

त्याच्या पत्रांतील सिद्धता वाचण्याजोगी आहे. लहान होडी वर घेऊन घट्ट बांधली. अन्न आधींच शिजवून ठेवलें. तीन-तीन तासांचे पहारे वांटले. डावीकडील तांबडा, उजवीकडील हिरवा व मागील पांढरा दिवा तपासला. अंधारापूर्वींच शीड आखडावयाचें, आणि अंगावरील पट्टा दोरानें नौकेस अडकविल्यावांचून रात्रीं कोणीं बाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं, असे नियम ठरले.

इतकें होऊनही ते निघाले नाहींत. नाताळाच्या सुमारास तेथें वारा कित्येक दिवस जोरानें वाहतो. तो वाढल्याचें वर्तमान आलें. एका मित्राचें परतीचें विमान चुकणार होतें. त्यानें अबोला धरला. तरी भाच्यानें तीन दिवस नांगर उचलला नाहीं. चौथ्या दिवशीं निघून ते सुखरूप पोंचले.

आम्हीं विद्यार्थ्यांस उद्योगाचीं सुभाषितें पुष्कळ पाठ करविलीं. परंतु सर्व तयारी झाल्यावर ‘आज नको’ म्हणण्याचें धैर्य कोणत्या धड्यांत शिकविलें, तें आम्हांस आठवत नाहीं.