गोवंडीच्या मुलांना मैदान कशाला?

गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत महापालिकेनं सार्वजनिक क्रीडा केंद्र बांधावं, असं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो: तिथे आधी पाणी द्या, शौचालयं द्या, दवाखाने द्या; खेळाचं नंतर बघू. हे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना या वस्त्यांबद्दल खरी कळकळ असते. म्हणूनच या आक्षेपाचा समाचार सगळ्यात आधी घ्यायला हवा. ज्यांना गोवंडीशी देणंघेणंच नाही, त्यांच्या विरोधानं फारसं बिघडत नाही. कळकळीची माणसं ‘नंतर’ म्हणतात तेव्हा मात्र काम कायमचं मागे पडतं.

हे ‘नंतर’ किती लांबलं आहे ते पाहा. देवनारची कचराभूमी १९२७पासून आहे. तिच्या पायथ्याशी गोवंडीतल्या शिवाजीनगर आणि बैंगनवाडी या वसाहती महापालिकेनंच १९७०च्या दशकात वसवल्या. शहरात इतरत्र उठवलेल्या कुटुंबांना इथे १० बाय १५ फुटांचे तुकडे आखून दिले. म्हणजे ही वस्ती कुणाच्या नकळत उगवलेली नाही, सरकारी नकाशावर रेघा मारून ती तयार झाली आहे. तेव्हा आठ वर्षांचा असलेला मुलगा आज आजोबा झाला. त्याचं बालपण गल्लीत गेलं, त्याच्या मुलाचंही गेलं आणि आता नातू त्याच गल्लीत रिक्षा आणि हातगाड्यांमधून वाट काढत प्लास्टिकच्या चेंडूनं खेळतो आहे. गोवंडी-मानखुर्द ज्यात येतात त्या एम-पूर्व प्रभागाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आठ लाखांच्या वर होती, आणि तोच प्रभाग २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. त्याचा निर्देशांक होता ०.०५. मैदान थांबवून ठेवल्यामुळे इथे पाणी आणि शौचालयं आली असती, तर हा आक्षेप ऐकून घेता आला असता. तसं झालेलं नाही. दोन्ही गोष्टी थांबल्या, आणि एकीचं कारण पुढे करून दुसरीला नकार देणं सोयीचं होऊन बसलं.

दुसरं असं की मोकळी जागा ही आरोग्याच्या नंतरची चैन आहे, हे या शहरानं स्वतःच्या बाबतीत कधी मानलेलं नाही. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या घरांमधून रोग पसरतो हे त्या काळच्या प्रशासनाच्या ध्यानात आलं आणि १८९८मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते, मोकळे चौक आणि बागा त्या विचारातून आल्या. शिवाजी पार्कचं सुमारे २८ एकरांचं मैदान १९२५मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा जवळच्याच गिरणगावातल्या चाळींमध्ये एकेका खोलीत आठ-दहा माणसं राहत होती आणि शौचालयासाठी रांगा लागत होत्या. आधी त्या रांगा संपवा, मग मैदान करा, असा विचार तेव्हा झाला असता तर शिवाजी पार्कावर आज इमारती दिसल्या असत्या.

आणि गोवंडी-मानखुर्दचं आजचं दुखणं नेमकं तेच, दाटीवाटीचं आणि उजेड-वाऱ्याच्या अभावाचं आहे. नटवर पारेख कंपाउंड, लल्लुभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी अभ्यास केला. २०१८मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारती, खालच्या मजल्यांवर न पोहोचणारा उजेड आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात पुढे आला. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर असलेल्या वसाहतीत वाढणाऱ्या मुलाला दिवसातला एखादा तास मोकळ्या हवेत आणि उन्हात धावायला मिळणं, ही दवाखान्याइतकीच आरोग्याची गोष्ट आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती या मुलांनी करायची कुठे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं. शाळेत म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदानाची अट घातली आहे, पण दुकानांच्या वर चार खोल्यांत चालणाऱ्या शाळेकडे मैदान येणार कुठून?

दुसरा आक्षेप जागेचा. मुंबईत जागाच नाही, हे वाक्य इतकं वापरलं गेलं आहे की ते खरं आहे का हे कुणी तपासत नाही. २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळानं याच देवनार कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सची १२० एकर जमीन आणि सागरी किनारा रस्त्याच्या भरावातली १७५ एकर जमीन मिळून दक्षिण मुंबईत जवळपास ३०० एकरांचं मध्यवर्ती उद्यान आखलं जात आहे. ते व्हावंच, माझा त्याला विरोध नाही. पण ज्या शहराला ३०० एकरांचं उद्यान सुचतं, त्यानं गोवंडीला दोन एकर मागितल्यावर जागा नाही म्हणू नये. ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या कचऱ्याचा धूर छातीत घेतला, २०१६च्या जानेवारीत डोंगराला आग लागली तेव्हा काळवंडलेल्या हवेत दिवस काढले, त्या माणसांचा त्या जमिनीवर पहिला हक्क आहे. कचरा शास्त्रीय पद्धतीनं हटवून आणि माती तपासूनच तिथे खेळ सुरू व्हायला हवा, हे सांगायला नको. पण त्या जमिनीच्या प्रत्येक आराखड्यात मैदानाची जागा आजच आखून घेतली पाहिजे. उद्या मागायला गेलं तर एक फूटही उरलेली नसेल.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. मोकळ्या जागेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडांवरच्या झोपडपट्ट्यांचं पुनर्वसन तिथेच करायला मुभा देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२५मध्ये कायम ठेवला. अशा भूखंडावर किमान ३५ टक्के जागा मोकळी राखायची, ही त्यातली अट आहे. झोपडीतल्या माणसाला तिथून हाकलून मैदान करावं, असं मला कधीच वाटलेलं नाही. घर हिरावून मिळालेल्या मैदानावर कुणाचं मूल आनंदानं खेळेल? प्रश्न त्या ३५ टक्क्यांचा आहे. ती जागा इमारतींच्या कडेनं पट्ट्यापट्ट्यांत विखुरली, तर तिथे फक्त गाड्या उभ्या राहतील. ती एकसंध ठेवली आणि वस्तीतल्या सगळ्यांना खुली केली, तर तिथे केंद्र उभं राहू शकतं. पुरुषांच्या कबड्डीच्या मैदानाला १३ बाय १० मीटर लागतात, व्हॉलीबॉलला १८ बाय ९, खो-खोला २७ बाय १६. हे तिन्ही मिळूनसुद्धा हजार चौरस मीटरच्या आत बसतं. व्हेनेझुएलात काराकासच्या चाकाओ भागातल्या ला क्रूझ वस्तीत जेमतेम एवढ्याच जागेवर, जुन्या फुटबॉल मैदानाच्या ठिकाणी, मजल्यावर मजले चढवून सार्वजनिक व्यायामशाळा बांधली गेली. बास्केटबॉलपासून नृत्यापर्यंत सगळं त्या एका इमारतीत चालतं.

पैशाबद्दल फार बोलायला नको. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता.

खरा विचार करायला लावणारा आक्षेप तिसरा आहे: बांधाल, पण सांभाळणार कोण? या आक्षेपात तथ्य आहे. राज्य सरकारनं तालुका क्रीडा संकुलांची योजना आखली. तालुक्याच्या गावाला कधी गेलात तर बघा: कमानीवर नाव कोरलेलं असतं, फाटकाला कुलूप असतं आणि धावपट्टीवर कमरेएवढं गवत. यावरून ‘लोकांना किंमत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो चुकीचा आहे. बांधकामाला एकदाच निधी मिळतो, त्याचं टेंडर निघतं, उद्घाटन होतं, कोनशिलेवर नावं येतात. फाटक उघडणारा माणूस, शौचालय धुणारी बाई, विजेचं बिल आणि प्रशिक्षकाचा महिन्याचा पगार यांसाठी दरवर्षी पैसे लागतात आणि त्यांचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून त्या तरतुदी कागदावरच राहतात. इमारत पडून राहते, आणि तिच्या पडून राहण्याचा दोष ज्यांना तिथे कधी आतच घेतलं नाही त्यांच्या माथी मारला जातो.

यावर सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो: चालवायला खासगी संस्थेला द्या. मुंबईनं हे करून पाहिलं आहे. महापालिकेचे भूखंड संस्थांना दत्तक दिल्यावर त्यांतल्या काहींवर सदस्यत्व घ्यावं लागणारे क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६मध्ये दत्तक धोरण पुन्हा मंजूर झालं तेव्हा नागरिकांनी इतका विरोध केला की त्याला स्थगिती द्यावी लागली. आज उपनगरांत जागोजागी जाळ्या लावलेले टर्फ आहेत. तासाला हजाराच्या पुढे भाडं असतं. दहा मुलांनी वर्गणी काढली तरी गोवंडीतल्या मुलाला ते आठवड्यातून एकदाही परवडत नाही. ज्या केंद्राचं फाटक पैसे मोजल्यावर उघडतं, ते त्या वस्तीचं केंद्र नव्हे. महापालिका शाळा चालवते, रुग्णालयं चालवते, मग मैदान चालवण्याची पाळी आली की तिला अचानक अंग काढून का घ्यावंसं वाटतं?

मुली येणार नाहीत, घरचे पाठवणार नाहीत, असंही ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा गोवंडीच्या मुसलमान वस्तीकडे बोट दाखवून म्हटलं जातं. त्याचं उत्तर ठाण्याजवळच्या मुंब्र्यात मिळालेलं आहे. तिथे ‘परचम’ या गटानं २०१२मध्ये मुलींना फुटबॉल खेळायला एकत्र आणलं. मुली आल्या, खेळल्या, आणि मैदानावर आपल्यालाही हक्काची जागा आणि वेळ हवी म्हणून सह्या गोळा करत प्रशासनाकडे गेल्या. अडचण मुलींच्या इच्छेची कधीच नव्हती. दिवसभर मुलांनी भरलेलं मैदान, नसलेलं शौचालय, अंधारा रस्ता आणि एकही बाई प्रशिक्षक नसणं, या अडचणी आहेत. त्या बांधणाऱ्याच्या हातात आहेत.

इथवर विरोधकांबद्दल लिहिलं. आता केंद्राच्या बाजूनं बोलणाऱ्यांबद्दलही लिहायला हवं, कारण त्यांच्या दोन युक्तिवादांनी या मागणीचं विरोधाइतकंच नुकसान केलं आहे.

पहिला युक्तिवाद असा की मुलं मैदानावर गेली तर नशेपासून आणि गुन्ह्यांपासून लांब राहतील. नशेचा प्रश्न या भागात खरा आहे, त्यानं घरं उद्ध्वस्त केली आहेत, हे नाकारता येत नाही. पण मैदान मागण्याचं कारण म्हणून तो पुढे केला की बारा वर्षांचं पोर खेळाडू होण्याआधीच संशयित ठरतं. पार्ल्याच्या किंवा दादरच्या मुलाला मैदान देताना, हा पुढे चोऱ्या करू नये म्हणून देतो आहोत, असं कुणी म्हटलं होतं का? मूल आहे म्हणून त्याला खेळायला जागा हवी, हे कारण दादरला पुरतं तसं गोवंडीलाही पुरलं पाहिजे.

दुसरा युक्तिवाद पदकांचा. कचऱ्यातून हिरे सापडतील, इथला एखादा उद्या देशाचं नाव काढेल. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, ते पैशांची जुळवाजुळव करत, सरकारी व्यवस्थेच्या फारशा आधाराशिवाय. ती गोष्ट अभिमानानं सांगताना आपण हे विसरतो की एका खाशाबांच्या मागे, पैसे न जुळल्यामुळे घरी राहिलेले किती जण असतील याची नोंदच नाही. पदकाच्या आशेवर बांधलेलं केंद्र पहिल्या दोन वर्षांत पदक आलं नाही की बंद पडतं. त्याहून वाईट म्हणजे, चपळ मुलं निवडून बाकीच्यांना ते बाहेर बसवतं. ज्या मुलाला साधा झेल घेता येत नाही, जी मुलगी धावताना सगळ्यात मागे राहते, आठवीनंतर शाळा सोडून जो जरीच्या कारखान्यात बसतो आणि ज्याला रात्री नऊनंतरच सवड मिळते, त्यांच्यासाठी केंद्र हवं. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकर घडवला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या मैदानाचं खरं देणं ज्यांचं नाव कधीच कुठे छापून आलं नाही त्या हजारो मुलांच्या संध्याकाळी आहेत.

महाराष्ट्राला हे नवं नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४मध्ये सुरू केलेल्या व्यायामशाळेतून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढलं, आणि त्याच्या पथकानं १९३६मध्ये बर्लिनला देशी खेळ दाखवले. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी पाळी संपल्यावर चाळींच्या मधल्या जागेत कबड्डीचे संघ उभे केले. १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोहोचली, तिला तिथवर नेण्यात बुवा साळवींसारख्या कार्यकर्त्यांचं आयुष्य गेलं होतं. या साऱ्याची सुरुवात वस्तीतच, घरापासून चालत जाता येईल अशा जागेत झाली. गोवंडीलाही तेच हवं आहे: मोठी काचेची इमारत नको, चालत दहा मिनिटांवर सपाट मैदान, पावसाळ्यात खेळता येईल असा एक छताखालचा भाग, रात्री दहापर्यंत दिवे, पिण्याचं पाणी, मुलींसाठी स्वच्छ शौचालय आणि ठरलेली वेळ, पगारी प्रशिक्षक आणि त्यांत निम्म्या बायका, अभ्यासासाठी एक खोली, आणि कारभार पाहणाऱ्या समितीत वस्तीतली माणसं. कोलंबियात मेदेयीनच्या पाणीपुरवठा कंपनीनं डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधल्या आपल्या टाक्यांभोवतीच खेळाच्या आणि भेटीगाठींच्या सार्वजनिक जागा उभ्या केल्या. पाणी आधी की खेळ आधी, हा वाद तिथल्या लोकांना घालावा लागला नाही.

एम-पूर्वमधल्या वाचकांना एकच विनंती आहे. विकास आराखडा २०३४मध्ये आपल्या वस्तीजवळ कोणता भूखंड खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे, ते प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा. तो आज कुणाच्या ताब्यात आहे हे लेखी मागा. आणि नगरसेवक इमारतीच्या उद्घाटनाचं निमंत्रण घेऊन आले, तर प्रशिक्षकाच्या पगाराची तरतूद अर्थसंकल्पाच्या कोणत्या पानावर आहे, ते त्यांना दाखवायला सांगा.